माडीवरील न्हाणीघर
(नभोवाणीवरील भाषण)

नवें घर बांधणें आणि राहत्या घरांत फेरफार करणें यांत मोठें अंतर आहे. नवें घर बांधतांना कागदावर खोडतां येतें. राहत्या घरांत प्रत्येक रेघ भिंतीवरच ओढावी लागते. त्यांतही दिवाणखान्याची खिडकी मोठी करणें किंवा दोन खोल्यांमधली भिंत काढणें हीं कामें खर्चाचीं आणि धुळीचीं असलीं, तरी एकदां झालीं कीं झालीं. वरच्या मजल्यावरचें न्हाणीघर व शौचकूप एका जागेवरून दुसऱ्या जागीं नेणें हें काम मात्र तसें नव्हे. तें चुकलें, तर ती चूक रोज सकाळीं घरांतल्या प्रत्येक माणसाला भेटते, आणि कधीं कधीं खालच्या खोलींत पानावर बसलेल्या पाहुण्यालाही भेटते. म्हणून आज या एकाच कामाविषयीं, आणि त्यांतही जो भाग फरशी बसल्यावर कोणाला दिसत नाहीं त्या नळांविषयीं, बोलावें असें योजिलें आहे.

जुन्या घरांत शौचकूप अगदीं मागच्या टोकाला, लांब सज्जाच्या शेवटीं असे, याला कारण होतें. त्या काळीं टोपलीचे संडास असत, आणि मैला वाहून नेणाऱ्या माणसाला मागच्या बोळांतून परस्पर येतां-जातां यावें म्हणून ती जागा ठरलेली असे. ती अमानुष पद्धत १९९३ च्या आणि पुन्हां २०१३ च्या कायद्यानें निषिद्ध ठरली. शहरांत भुयारी गटारें आलीं, भिंतींना बीडाचे नळ लागले. परंतु शौचकूपाची जागा पुष्कळ घरांतून होती तेथेंच राहिली. पुढें घरांतील आई-वडील पाऊणशें वर्षांचे होतात, त्यांना रात्रीं दोन-तीनदां उठावें लागतें, पावसाळ्यांत ओल्या सज्जांतून तीस फूट चालावें लागतें. आणि एके दिवशीं कोणाचा तरी पाय घसरल्यावर सर्वांना एकदम सुचतें कीं, आईच्या खोलीशेजारीं जी अडगळीची खोली आहे तेथें न्हाणीघर करावें. विचार योग्यच आहे. दुसरे दिवशीं सकाळीं उठून फरशीच्या दुकानांत जाणें मात्र योग्य नाहीं.

पाणी आणणें सोपें असतें. तें अर्ध्या-पाऊण इंची नळांतून, दाबाखालीं, वरखालीं, वाकडेंतिकडें कसेंही नेतां येतें. वापरलेलें पाणी परत नेणें ही निराळी गोष्ट आहे. त्याला मागून ढकलणारें कोणी नसतें. तें केवळ आपल्या वजनानें, ढाळावर, आणि तेंही नळ पुरता न भरतां वाहत जावें लागतें. म्हणून या कामाचा आराखडा वरून खालीं आखूं नये, खालून वर आखावा. गृहिणी विचारते, फरशी कोणत्या रंगाची घ्यावी. जाणत्या गवंड्यानें प्रथम विचारावें, अंगणांतलें चेंबर किती खोल आहे? झांकण उघडून, आंत काठी धरून, जमिनीपासून चेंबरच्या तळांतील पन्हळीपर्यंतचें अंतर मोजावें. यासाठीं चेंबरमध्यें माणसानें उतरूं नये आणि कोणाला उतरवूंही नये; तेथें सांचलेले विषारी वायु क्षणार्धांत माणसाला बेशुद्ध करतात, आणि असे बळी अजूनही जात आहेत. मापाला काठी पुरते.

एक उदाहरण डोळ्यांपुढें धरूं. पुण्यांतील एखादें दुमजली घर घ्या. मागच्या भिंतीला जुने उभे नळ आहेत. अडगळीची खोली घराच्या मध्यावर, तिची एक भिंत बाजूच्या बोळाकडे. या खोलींतून मागच्या जुन्या नळापर्यंत अंतर २२ फूट, आणि बोळाकडच्या भिंतीपर्यंत फार तर ५ फूट. घरमालकाचा स्वाभाविक कल असा, कीं जुना नळ आहेच, त्यालाच जोडून टाकूं. नव्या नळाचा खर्च कशाला? आतां हिशेब करूं. चार इंची नळाला ४० स एक, सहा इंचीला ६० स एक, नऊ इंचीला ९० स एक, असा ढाळाचा एक जुना ठोकताळा आहे, आणि घरगुती कामाला तो अजूनही उत्तम चालतो. ४० स एक म्हणजे गवंड्याच्या भाषेंत फुटाला अडीच सूत. २२ फुटांना ही उतरण झाली सुमारें साडेसहा इंच. त्यांत नळाची स्वतःची चार इंच जाडी, आणि शिवाय भांड्याखालील वळणाची उंची. म्हणजे वरच्या फरशीखालीं फूट-सव्वा फूट जागा हवी. ती आहे कोठें? स्लॅब तर पांच इंचांची. मग नळ एक तर खालच्या दिवाणखान्याच्या छताखालून लोंबत न्यावा लागेल, नाहींतर वरची जमीन फूटभर उचलावी लागेल.

जमीन उचलण्याचा हा मार्ग सर्रास पत्करला जातो, आणि माझ्या मतें तो या कामांतला सर्वांत वाईट मार्ग आहे. ज्या म्हाताऱ्या आईसाठीं हा सारा खटाटोप चालला आहे, तिच्याच वाटेंत, रात्रीच्या अंधारांत, ओल्या दारापाशीं आपण एक फूटभर उंचीची पायरी उभी करतों! त्यापेक्षां सज्जा बरा होता. तेथें निदान पायरी नव्हती. शिवाय ती फूटभर भर विटांचे तुकडे आणि मुरूम यांची असते. तिचें वजन स्लॅबवर पडतें, आणि तिच्यांत मुरलेलें पाणी वर्षानुवर्षें कोणाला दिसत नाहीं. दिसतें तेव्हां तें खालच्या छतावर दिसतें.

याच्या उलट, ५ फुटांवरच्या बोळाकडील भिंतीचा विचार करा. तेथें उतरण लागते अवघी दीड इंच. बाहेरच्या अंगानें नवे उभे नळ घ्यावे, बोळांत नवें चेंबर बांधावें, आणि तेथून जमिनीखालून जुन्या चेंबरला जाऊन मिळावें. हें जमिनीखालील अंतर ४० फूट आहे असें धरलें, तर त्याच ढाळानें त्याला बरोबर एक फूट उतरण लागेल. जुनें चेंबर अडीच फूट खोल असलें, तर नव्या चेंबरचा तळ दीड फुटावर येतो. नळाच्या पाठीवर चौदा इंच माती राहते. काम होण्याजोगें आहे. परंतु जुनें चेंबर दीडच फूट खोल निघालें, तर नव्या टोकाला नळाच्या पाठीवर दोनच इंच माती उरेल, आणि पहिलीच दुचाकी गाडी त्यावरून गेली कीं नळ फुटेल. मग नळाला सर्व बाजूंनीं काँक्रीट घालावें लागेल, किंवा दुसरें चेंबर शोधावें लागेल. सारें काम होणार कीं नाहीं याचा निकाल त्या काठीच्या मापांत असतो, तो असा.

ढाळ जास्त दिला तर अधिक चांगलें, असा एक समज आहे. थोड्या लांबीपुरता तो खरा असेलही. परंतु लांब, आडव्या नळांत अति ढाळ दिला तर पाणी पुढें पळून जातें आणि घन भाग मागें राहतो. मग आठ दिवसांनीं तुंबतें, आणि दोष घरांतल्या मुलांवर येतो.

आतां खोलीच्या आंत. कमोडचें भांडें बोळाकडच्या भिंतीला पाठ लावून बसवावें आणि तें पी ट्रॅपचें घ्यावें, म्हणजे ज्याचें तोंड खालीं जमिनींत न जातां मागें भिंतींत जातें. हें तोंड फरशीच्या वर सुमारें सात इंचांवर असतें. तें सरळ भिंतींतून बाहेरच्या नळाला मिळतें, आणि कमोडसाठीं जमिनींत एक इंचही खोली लागत नाहीं. तोंड धुण्याच्या बेसिनचा ट्रॅप भिंतीवरच, बेसिनच्या खालीं असतो. राहतां राहिला अंघोळीच्या पाण्याचा न्हाणी ट्रॅप. तो बाहेरच्या भिंतीलगत कोपऱ्यांत घेऊन स्लॅबला तेवढेंच गोल भोंक यंत्रानें पाडावें, ट्रॅप स्लॅबखालीं टांगावा, आणि त्याचा तीन इंची नळ लगोलग भिंतीबाहेर न्यावा. खालच्या खोलीच्या कोपऱ्यांत एक लहानशी पेटी दिसेल. तिला उघडतां येईल असें दार ठेवावें. भोंक कोठें पाडावें हें मात्र बांधकामाच्या अभियंत्याला दाखवून, स्लॅबमधील गज चुकवून ठरवावें. तुळईला तर हात लावूंच नये. जुन्या वाड्यांतून, लांकडी तुळया आणि कड्या यांवरच्या जमिनींत, नळ नेण्यासाठीं कड्यांना खांचे पाडलेले कोठें कोठें दिसतात. दहा वर्षांनीं त्या कडीवरची जमीन झोला खाते, आणि तेव्हां खांचा पाडणारा गांवांत नसतो.

खालची खोली कोणाची, हाही प्रश्न आहे. आपल्याच घराचा खालचा मजला असला तर स्वयंपाकघर आणि देवघर वगळून जागा निवडावी, एवढें पुरे. गृहसंस्थेंतील सदनिका असेल, तर आपली अडगळीची खोली ही खालच्याची झोपण्याची खोली असते. तेथें संस्थेची आणि महापालिकेची परवानगी घेतल्यावांचून पहार उचलूं नये. आणि परवानगी मिळाली तरी खालच्या बिऱ्हाडाला अगोदर जाऊन सांगावें. छतावर ओल येण्यापूर्वीं झालेली भेट आणि नंतर झालेली भेट यांत फरक असतो.

येथवर पाण्याचें झालें. आतां ज्याच्याकडे गवंडी, प्लंबर आणि घरमालक या तिघांचेंही दुर्लक्ष होतें त्या हवेकडे वळूं.

ट्रॅप म्हणजे नळाला दिलेलें एक वळण. त्यांत थोडें पाणी नेहमीं अडून राहतें, आणि तेवढ्या पाण्याच्या पडद्यामुळें गटारांतील दुर्गंधि आणि किडे घरांत येत नाहींत. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें १७७५ सालीं आपल्या शौचकूपाला असें वळण देऊन त्याचें पेटंट घेतलें. युक्ति इतकी साधी कीं ती अजून कोणाला फारशी सुधारतां आलेली नाहीं. परंतु हा पडदा केवढा? दोन इंचांचा. हवेचा दाब पाण्याचा सुमारें चौतीस फुटांचा स्तंभ तोलून धरतो. दोन इंच म्हणजे त्याचा दोनशेवा हिस्सा. नळांतील हवेंत एवढीशी ओढ निर्माण झाली कीं पडदा फुटला! आणि ती ओढ निर्माण करणें अगदीं सोपें आहे. वरून फ्लशचें पाणी उभ्या नळांतून खालीं झेपावतें, तेव्हां तें आपल्याबरोबर हवा ओढून नेतें. वरून दुसरी हवा आंत आली नाहीं, तर नळ ती मिळेल तेथून ओढतो. म्हणजे शेजारच्या ट्रॅपमधून, त्यांतलें पाणी गिळून.

हें कोणाला पटत नसेल तर त्यानें तेलाचा पत्र्याचा डबा आठवावा. झांकणाला एकच भोंक पाडलें तर तेल गटगट आवाज करीत, थांबत थांबत पडतें. दुसऱ्या कोपऱ्याला दुसरें भोंक पाडलें कीं धार सरळ लागते. हें दुसरें भोंक म्हणजेच हवेचा नळ. फ्लश सोडल्यावर शेजारच्या न्हाणींतून गुडगुड असा आवाज येत असेल, तर तुमच्या घराच्या डब्याला दुसरें भोंक नाहीं असें खुशाल समजावें.

म्हणून मैल्याचा उभा नळ वरच्या जोडापाशींच टोपण घालून संपवूं नये. तो तेवढ्याच रुंदीचा ठेवून गच्चीच्या वर न्यावा. गच्चीवर माणसें वावरत असतील, पापड-कुरडया वाळत पडत असतील, तर त्याचें तोंड माणसाच्या डोक्याहून वर आणि खिडक्यांपासून दूर असावें. तोंडावर जाळीचें टोपण हवें. तें केवळ कावळ्यांसाठीं नव्हे. ज्या घरांना मैल्याची टाकी आहे तेथें क्यूलेक्स जातीचे डास टाकींत वाढतात आणि हवेच्या उघड्या नळांतून बाहेर पडतात. जाळी गंजली कीं बदलावी.

आपल्या उदाहरणांत सारीं भांडीं उभ्या नळापासून चार-पांच फुटांच्या आंत आलीं, त्यामुळें उघड्या तोंडाचा नळ बहुतेक पुरेसा होईल. परंतु जागेच्या अडचणीमुळें एखादें भांडें दूर गेलें, किंवा एकाच नळावर दोन मजल्यांचीं भांडीं आलीं, तर ट्रॅपच्या पलीकडच्या अंगाला दोन इंची निराळा हवेचा नळ जोडावा. या नळाविषयीं दोन गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. तो सतत चढता असावा. मध्यें झोल राहिला तर त्यांत पाणी सांचतें आणि हवेची वाट बंद होते. आणि तो मुख्य नळाला जेथें मिळेल ती जागा त्या मजल्यावरील सर्वांत उंच भांड्याच्या कांठाहून वर असावी. नाहींतर खालीं तुंबल्यावर घाण पाणी हवेच्या नळांतूनच चढूं लागतें, आणि मग तो हवेचा नळ राहत नाहीं. अलीकडे हवा फक्त आंत घेणारी एक लहान झडप मिळते. अडचणीच्या जागीं ती उपयोगी आहे. परंतु खालून येणारा दाब ती बाहेर सोडूं शकत नाहीं, म्हणून गच्चीवरच्या उघड्या तोंडाची जागा तिला देतां येत नाहीं.

खालून येणारा दाब म्हणजे काय, तेंही थोडक्यांत सांगतों. उभ्या नळाच्या पायथ्याशीं पाणी आडवें वळतें आणि तेथें क्षणभर हवा कोंडते. त्या ठिकाणीं काटकोनी आंखूड बेंड न घालतां पंचेचाळीस अंशांचे दोन घालावे, आणि तळमजल्यावरचा शौचकूप या पायथ्याला न जोडतां परस्पर चेंबरमध्यें सोडावा. नाहींतर माडीवरच्यांनीं फ्लश सोडल्यावर तळमजल्यावरच्या भांड्यांत पाणी उसळतें. अंघोळीचें आणि बेसिनचें पाणी आपल्याकडे निराळ्या नळानें खालीं आणून गल्ली ट्रॅपमध्यें सोडण्याची जुनी पद्धत आहे. प्लंबर दोन्ही एकांत करूं म्हणेल, कारण त्यांत नळ वांचतो. जागा असेल तर जुनी पद्धतच ठेवावी. न्हाणीच्या उथळ ट्रॅपला मैल्याच्या नळापासून दूर ठेवण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

या दोन इंच पाण्याचें महत्त्व लोकांना संकटांतूनच कळलें. १८७१ सालीं इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, स्कारबरो येथील एका श्रीमंत यजमानाच्या घरीं राहून आल्यावर विषमज्वरानें मरणाच्या दारीं गेला; त्याच घरीं उतरलेला चेस्टरफील्डचा अर्ल आणि युवराजाचा मोतद्दार हे दोघे दगावले. दोष त्या घराच्या गटारांवर आला, आणि सबंध इंग्लंडांत घरोघरचे नळ तपासले जाऊं लागले. त्या वेळीं लोकांना वाटे कीं, गटाराचा वायुच ताप आणतो. तें खरें नव्हतें. विषमज्वराचा जंतु १८८० सालीं एबर्ट यानें दाखविला, आणि तो अन्नपाण्यांतून पसरतो हें आतां सर्वांस ठाऊक आहे. म्हणून गटाराच्या वायूची भीति ही जुनी अंधश्रद्धा म्हणून कांहीं काळ बाजूला पडली. पुढें २००३ सालच्या मार्चमध्यें हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स नांवाच्या उंच इमारतींच्या वसाहतींत सार्स या रोगानें ३०० हून अधिक रहिवासी एकाएकी आजारी पडले. तेथील सरकारच्या तपासांत आढळलें तें असें: लोक न्हाणीघराची जमीन पाण्यानें न धुतां नुसती पुसून घेत, त्यामुळें जमिनींतले ट्रॅप सुकले होते, आणि हवा बाहेर फेंकणारा पंखा लावला कीं मैल्याच्या नळांतली दूषित हवा व तुषार त्या सुक्या ट्रॅपमधून खोलींत ओढले जात. सव्वाशें वर्षांनीं पुन्हां तेंच वळण, आणि तेंच दोन इंच पाणी!

यावरून आपल्या कामांतली एक गोष्ट निघते, तिच्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. न्हाणीघर हलविलें, म्हणजे जुन्या न्हाणीचें काय? बहुधा तेथें वर नवी फरशी घालून कपाट ठेवतात. खालीं ट्रॅप आणि नळ तसेच राहतात. त्या ट्रॅपमधलें पाणी उन्हाळ्याच्या कांहीं आठवड्यांत सुकून जातें, आणि मग कपाटामागून कसलासा वास येऊं लागतो. उंदीर मेला असेल म्हणून शोध होतो. जुनी शाखा उभ्या नळापाशींच कापून तेथें टोपण पक्कें बसवावें. मधला नळ आणि ट्रॅप काढून टाकावा. हें काम नव्या न्हाणीच्या करारांतच लिहून घ्यावें, कारण नवें न्हाणीघर चालू झाल्यावर तेवढ्यासाठीं प्लंबर परत येत नाहीं. पाहुण्यांच्या खोलींतल्या, क्वचित् वापरल्या जाणाऱ्या न्हाणींत आठवड्यांतून एकदां तांब्याभर पाणी ओतावें.

परीक्षेचें सांगून संपवितों. फरशी घालण्यापूर्वीं नळांचीं खालचीं तोंडें बंद करून वरपर्यंत पाणी भरावें आणि पातळीला खूण करून ठेवावी. सांधा गळत असेल तर ती खूणच सांगेल. जमिनीला जलरोधक थर दिल्यावर तीवर दोन इंच पाणी पुरे दोन दिवस उभें ठेवावें, आणि त्या दोन दिवसांत खालच्या छताकडे रोज पाहावें. वासाच्या परीक्षेची एक जुनी रीत आहे, ती मला अजूनही आवडते. ट्रॅप सारे पाण्यानें भरावे, दारें-खिडक्या लावाव्या, आणि एका माणसानें गच्चीवर जाऊन नळाच्या तोंडांत थोडा पेपरमिंटचा अर्क आणि त्यामागून बादलीभर कढत पाणी ओतावें. खालीं न्हाणींत दुसऱ्यानें वास घेत उभें राहावें. ओतणाऱ्यानें मात्र काम संपेपर्यंत गच्चीवरून खालीं येऊं नये, कारण त्याच्या हाताला तोच वास असतो. खालीं पेपरमिंट दरवळलें, तर कोठें तरी सांधा उघडा आहे.

आणि हें सारें झांकण्याच्या अगोदर, उघड्या नळांजवळ मोजपट्टी धरून छायाचित्रें काढावीं. कोणता नळ कोणत्या भिंतीपासून किती इंचांवर आहे, साफ करण्याचीं दारें कोठें आहेत, चेंबर किती खोल आहे, हें एका कागदावर लिहून घराच्या खरेदीखताशेजारीं ठेवावें. पुढें कधीं कोणी त्या भिंतीला आरशासाठीं खिळा ठोकूं लागेल, तेव्हां त्याला तो कागद अगोदर दाखवावा.